नंदे, डिस्चार्जला काय म्हणायचं?

नंदा,

पेपरात तुझी बातमी आली. धर्माबाद मोंढ्यातल्या मिरचीच्या आडत व्यापाऱ्यांच्या पत्नी महानंदा यांचं अल्पशा आजारानं निधन. अल्पशा! तू ते दुखणं किती काळ अंगावर काढलंस हे तुझं तुलाच माहीत. पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला अल्पसा म्हणणाऱ्याचा हात धरून तू त्याच्याकडून दुसरा शब्द लिहून घेतला असतास. शब्द चुकलेला तुला सहन व्हायचा नाही. बाकी सगळं सहन व्हायचं, हीच तर माझी तक्रार आहे.

तुझ्या मातीला मी होते. बायकांत कुजबुज चालली होती. कुणी म्हणे पोटात गाठ होती, कुणी म्हणे आतड्याचं काहीतरी. पोटाच्या खाली कुणीही बोट नेलं नाही. लिंगायतांच्या रीतीनं तुला सजवून बसवलं होतं, कपाळाला विभूती होती, गळ्यात इष्टलिंगाचं शिवदार होतं, आणि तुझ्यासमोर बसून तुझा आजार लपवण्याचं काम सगळं घर मनापासून करत होतं.

आपण लातूरच्या वसतिगृहात एका खोलीत आलो तेव्हा मला फक्त पुस्तकातली मराठी यायची. तू उदगीरची. घरात कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत दखनी. रागावलीस की कन्नडमध्ये बोलायचीस, लाडात आलीस की "क्या गे शैले" म्हणून गळ्यात पडायचीस. एमएच्या वर्गात तुझ्यापेक्षा मला जास्त मार्क पडायचे आणि इंग्रजी तुला जास्त यायची, हे दोघींना ठाऊक होतं. निकाल लागायच्या आधीच तुझं लग्न लागलं. मी लातूरला मास्तरीण झाले. तू धर्माबादला जाऊन तेलुगू शिकलीस, सासूशी भांडण्यापुरती आधी, मग वर्तमानपत्र वाचण्याइतकी. मिरचीच्या ठसक्यात, ओट्यावर कागद पसरून, तू भाषांतरं करायचीस. भाऊजी कौतुकानं म्हणायचे, "हिला बसून काहीतरी लिहायला लागतंय बघा. बरं असतंय, टाइम जातोय."

नांदेडच्या त्या संस्थेचं काम तुझ्यामुळंच मला मिळालं. तेलंगणा आणि कर्नाटकच्या हद्दीवरच्या खेड्यांतल्या बायकांसाठी इंग्रजीतून पत्रक करायचं होतं, मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनीत. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, त्याची लक्षणं, तपासणी कुठं. एवढंसं पत्रक, आणि त्यात एकच शब्द आपल्याला अडवून बसला. डिस्चार्ज. वरच्या परिच्छेदात तो अंगावरून जाणाऱ्या पाण्याबद्दल होता. मधे जखमेतल्या पुवाबद्दल. खाली, दवाखान्यातून घरी सोडल्यावर घ्यायच्या काळजीबद्दल. मी मराठीचा खर्डा केला होता. वर आणि मधे स्राव, खाली सुट्टी. मला वाटलं होतं काम झालं.

तू कागद हातात घेतलास आणि विचारलंस, "शैले, स्राव म्हंजे काय?"

"डिस्चार्ज."

"ते मला ठाऊक हाय. हद्दीवरच्या खेड्यातल्या बाईला काय कळंल? धरणाचं पाणी सोडलं की पेपरात विसर्ग म्हणतात, तसलंच काहीतरी वाटंल तिला."

मग तू आठवडाभर बायकांना विचारत फिरलीस. शेजारणीला, वखारीत मिरचीचे देठ खुडणाऱ्यांना, माहेरी फोन करून तुझ्या काकूला. मराठीत अंगावरून पांढरं जाणं, हे मलाही माहीत होतं. तेलुगूत तेल्ल बट्टा निघालं, म्हणजे पांढरं कापड. कन्नडमध्ये बिळी सेरगु, पांढरा पदर. तू इतकी खूश झालीस! फोनवर ओरडलीस, "बघ ना गे, दोन्हीकडं कापडच! दुखण्याचं नावच न्हाई, कापडाचं नाव."

तिथं आपलं भांडण झालं. मी म्हणाले, रोगाला पदर कशाला घ्यायचा, सरळ सांगावं. तू म्हणालीस, "पदर असला तरच बाई उंबऱ्याच्या भाईर येती. उघडा शब्द छापलास तर ती पत्रक घडी घालून चुलीत टाकील."

"आणि झाकलेला शब्द छापला तर ती दुखणंही झाकूनच ठेवील."

"न्हाई ठेवणार. शब्द न्हाई म्हणून बायका बोलत न्हाईत, शैले. शब्द दे, बोलतील."

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! फोनवर केलं, एसटीत केलं, तुझ्या गौरीच्या साखरपुड्यात पुऱ्या लाटता लाटता केलं. तू तुझं सोडलं नाहीस, मी माझं नाही. आता तू निघून गेलीस, आणि ते अर्ध्यात पडून आहे. मला त्यात जिंकायचं नव्हतं गं.

संस्थेच्या बैठकीत मात्र आपण दोघी एका बाजूला होतो. तिथले साहेब चष्मा कपाळावर सरकवून तुझा खर्डा वाचत होते. म्हणाले, "मॅडम, हे असं छापायचं? शाळांतून वाटायचंय हे. जरा सभ्य शब्द नाही का?"

तू हात जोडल्यासारखे करून म्हणालीस, "सर, रोग सभ्य असता तर शब्दबी सभ्य शोधला असता."

खोलीतली एक नर्स खुदकन हसली. साहेब हसले नाहीत. पत्रक छापून आलं तेव्हा त्यात होतं, 'योनीमार्गातील असाधारण स्राव'. तेलुगूतलंही कापड काढून टाकलं होतं. तुझ्या घरच्या बायकांनी ते पत्रक जिन्याखाली लोणच्याच्या बरण्यांना आच्छादन म्हणून वापरलं. तूच मला दाखवलंस.

पुढच्या छपाईला आपल्याला बोलावलंच नाही. कॉम्प्युटरवर होतं म्हणे आता सगळं. ते नवं पत्रक घेऊन मी तुझ्याकडं आले होते. कन्नड तू वाचून दाखवलंस. तिथं 'बिडुगडे' छापलं होतं, तुरुंगातून होते ती सुटका. तू मोठ्यानं मराठी करत गेलीस, "पांढऱ्या रंगाची, घाण वास येणारी सुटका झाल्यास ताबडतोब दवाखान्यात या." आपण दोघी ओट्याला धरून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तू एकदम आत गेलीस आणि साडी बदलून आलीस. म्हणालीस, चहा सांडला. चहा आपण अजून ठेवलाही नव्हता. हे मला आत्ता कळतं, आणि कळून उपयोग नाही.

तेव्हा गौरीच्या लग्नाची बोलणी चालली होती. लातूरजवळच्या मुरुडचं घर, मुलगा चांगला, लोक चिकित्सक. मुलीच्या आईला असलं काही आहे असं कळलं तर फिसकटेल, असा तुझा हिशेब. हा हिशेब मी तुझ्या तोंडून फार नंतर ऐकला. लग्न पार पडलं, पाठवणी झाली, आणि मंगल कार्यालयाच्या कोठीघरात भांडी मोजताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. साडी रक्तानं भिजली होती. सासूबाई म्हणाल्या, "पाळी जायचं वय हाय, होतंय असं." मी भाड्यानं केलेली गाडी बाहेर उभी होती, म्हणून तू लातूरला आलीस. नाहीतर तू त्यावरही पदर घेतला असतास.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावरून जातंय का काही? कधीपासून?"

तू खाली बघत म्हणालीस, "यस डॉक्टर. देअर वॉज डिस्चार्ज. फॉर सम टाइम."

बाई मराठीत विचारत होत्या, चांगल्या घरगुती मराठीत, तुझ्याच शब्दांत. ज्या शब्दांसाठी तू साहेबांशी भांडलीस ते तुझ्यासमोर तयार होते. आणि तू इंग्रजीत उत्तर दिलंस. घरात कुणालाच येत नाही अशा भाषेत. त्या भाषेत बोललं की ते दुखणं कुणा दुसऱ्याच बाईचं होतं, असं असेल का?

जिन्यात मी तुझ्यावर ओरडले. लोक वळून बघत होते. "पाच भाषांत शब्द माहीत होता तुला! पाच! एका भाषेत तरी एका माणसाला सांगायचा!"

तू कठडा धरून उभी होतीस. म्हणालीस, "ठाऊक असला म्हणून तोंडातनं निघतोय असं थोडंच असतंय, शैले."

तुझ्या सगळ्या भांडणाचा पाया तू त्या जिन्यात स्वतःच काढून घेतलास. मला तेव्हाही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

रेडिएशनचे शेक घ्यायला तू माझ्याकडं राहिलीस, ते दिवस मात्र मी कुणाला देणार नाही. सकाळी रिक्षानं जायचं, शेक घेऊन यायचं, मग तू आडवी पडून माझ्या पोरांचे पेपर तपासायचीस. लाल पेनानं नाही, पेन्सिलीनं. "पोरगं घाबरतंय लालला." तोंडाची चव गेली होती तरी मला शेंगदाण्याची चटणी तूच कुटून दिलीस, बसून, दम खात. एकदा दुपारी तू म्हणालीस, "इतकी बिनकामाची मी लग्नाआधी राहिले होते, त्यानंतर आत्ताच." तू हे आनंदानं म्हणालीस. त्या आजारानं तुला दिलेली ती एवढीच सुट्टी, आणि ती माझ्या घरी झाली, याचं मला बरं वाटतं. आणि असं बरं वाटतं याची चीडही येते. माझ्या घरी येऊन पडायला तुला कॅन्सर व्हावा लागला.

दुखणं परत उलटलं. या वेळी भाऊजींनी नांदेडला नेलं, जवळ म्हणून. मी आले तेव्हा तुझे पाय सुजले होते आणि आवाज बारीक झाला होता. तिथला तरुण डॉक्टर बाहेरगावचा, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा. भाऊजींना म्हणाला, "हम इनको डिस्चार्ज कर रहे हैं. घर ले जाइए. घर में इनको आराम मिलेगा."

भाऊजींचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं! तिथंच कॉरिडॉरमध्ये त्यांनी घरी फोन लावला. "आई, सुट्टी झाली! हाव, सुट्टी दिली त्यांनी. घरी घेऊन येऊन राहिलो."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं की चुकलंय. हळूच म्हणाला, "मॅडम, आप समझाइए इनको."

मी भाऊजींना बाकड्यावर बसवलं. सरळ सांगितलं. इथं आता करण्यासारखं उरलेलं नाही म्हणून घरी पाठवतायत, गौरीला बोलावून घ्या. ते माझ्याकडं असं बघत होते जणू मीच काही वाईट करत होते.

"काय बोलून राहिलात ताई तुम्ही? सुट्टी दिलीय. बरं नसतं तर ठिवून घेतलं असतं न्हाई का?"

"भाऊजी, डिस्चार्ज म्हणजे दर वेळी बरं झालं असं नसतं."

"तुमचं ते कागदावरचं राहू द्या ताई."

मी आत आले. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. दार उघडंच होतं, तुला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणालीस, "कंचा डिस्चार्ज, शैले?"

"घरी जायचा."

"हं." मग म्हणालीस, "त्यांना त्यांचा अर्थ राहू दे."

हे मी तुला माफ केलेलं नाही. तू सगळ्यांना आपापला अर्थ दिलास. आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या सासूबाईंनी, दारात रांगोळी काढली होती, तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारणी येऊन म्हणत होत्या, आता नीट खा-पी. तू मान हलवत होतीस. मी मुरुडला गौरीला फोन केला, लगेच ये म्हणाले. तिनं बापाला विचारलं. बाप म्हणाला, सुट्टी झालीय, शैलामावशी घाबरट आहे, घरातलं कार्य उरकून निवांत ये. तिनं तुलाही विचारलं. तू म्हणालीस, "निवांत ये." गौरी आली तेव्हा तू गेली होतीस, अंगणात मांडव घातला होता. ती कुणाशीच बोलली नाही. तुझ्या पायांवर डोकं ठेवून एकच म्हणत राहिली, "मला म्हणाली ना निवांत ये, मला म्हणाली ना."

तिला त्यांचा अर्थ नको होता, नंदा. तिला खरा हवा होता. भाषांतर करणाऱ्या बाईला एवढं कळू नये?

तुझ्या दिवसांच्या, आराधनेच्या जेवणाला मी पुन्हा धर्माबादला आले. परतताना तुझी जाऊ, सुवर्णा, पिशवी घेऊन माझ्यामागं स्टेशनवर आली. मला वाटलं पोचवायला. गाडी आली तशी तीही चढली. म्हणाली, "नांदेडला आत्याबाईचं बीपीचं औषध आणायला जाते म्हणून सांगितलंय घरी." गाडी सुटली तरी बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग पदर तोंडाशी नेऊन, जवळजवळ ऐकू येणार नाही असं म्हणाली, "ताई, मलाबी हाय. अक्काला होतं तसं."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

"नंदाला सांगितलं होतंस?"

तिनं मान हलवली. नाही. "अक्का कपडे धुऊन लुगड्याच्या खाली वाळत घालायच्या. मी बघायची. मला कळायचं त्यांना काय होतंय. मीबी माझे तसेच घालायची, त्याच दोरीवर, पल्याडच्या टोकाला. वाटायचं, त्यांना माझे दिसतील."

एका चुलीवर स्वयंपाक केलात तुम्ही दोघींनी. एका दोरीच्या दोन टोकांना उभ्या राहून लपवत राहिलात. गावच्या बायकांना काय होतं म्हणून तू वखारीत, माहेरी, शेजारी विचारत फिरलीस, आणि घरात, हाताच्या अंतरावर असलेल्या बाईला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं. मग तुलाही सांगावं लागलं असतं. म्हणूनच नाही विचारलंस.

नांदेडला उतरल्यावर मी तिला स्टेशनवरून सरळ बाईडॉक्टरकडं नेलं. तपासलं, नमुना घेतला. रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी ती पुन्हा काहीतरी सांगून नांदेडला आली आणि मी लातूरहून एसटीनं गेले. बाकड्यावर बसून तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. गाठबीठ काही नाही, डॉक्टर म्हणाल्या. जंतूंची लागण आहे, गोळ्यांनी जाईल. मात्र आता दरवर्षी तपासून घ्यायचं, घाबरायचं नाही. सुवर्णा रडायला लागली आणि रडता रडता हसली.

स्टेशनवर आल्यावर मला म्हणाली, "ताई, घरी विचारलं तर पित्त म्हणून सांगा हां."

"सुवर्णा, तुझी अक्का गेली. अजून पित्त?"

"तुम्ही जाता ताई लातूरला. मला तिथंच राहायचं हाय."

मी म्हणाले, बरं, पित्त.

तिनं फलाटावरच्या नळाखाली ओंजळ धरून पहिली गोळी तिथंच घेतली. बाकीच्या गोळ्या कुंकवाच्या डबीत भरल्या. डॉक्टरची चिठ्ठी बारीक फाडून रुळांवर सोडून दिली. गाडी आली, ती बायकांच्या डब्यात चढली आणि खिडकीतून मला हात करायला लागली. चेहरा मोकळा झाला होता तिचा. वाचलेल्या बाईचा चेहरा कसा असतो ते मी पाहत होते. आणि मला तुझा इतका राग आला, नंदे, की गाडी गेल्यावरही मी फलाटावर तशीच उभी राहून रडत होते, आणि काय झालं म्हणून विचारणाऱ्या एका म्हातारीला मी काहीच सांगू शकले नाही.

तुझी,
शैला